उभं राहण्याचा रंग

कायानीत, जुन्या कागदगिरणीच्या कोठारात
आता सर्व्हर राहतात.
तुइयाचे वडील इथून लगद्याचा वास अंगावर घेऊन घरी येत.
आता कसलाच वास नाही.
नुसती घरघर,
आणि पाइपांतून गावाकडे निघालेली यंत्रांची ऊब.

रात्रपाळी. बाहेर उणे अठ्ठावीस.
पडद्यावर नकाशा :
सहाशे बारा चौकोन, एकाला एक चिकटून.
एकेक चौकोन म्हणजे एकेक यंत्र,
जे हाताला लागणार नाही.
एका लोखंडी पेटीत असे चाळीस बिऱ्हाडकरू,
प्रत्येकाला वाटतं, घर आपलं एकट्याचं.

हिरवा म्हणजे निवांत. पिवळा म्हणजे बघू.
लाल म्हणजे ऊठ.

दोन वाजून दहा मिनिटांनी इस्पितळातून फोन.
एक्स-रे उघडत नाहीयेत, नर्स म्हणते,
माणूस टेबलावर आहे.

तुइया बघते. इस्पितळाचा चौकोन हिरवा,
शहाण्या मुलासारखा हिरवा.
लाल आहे तो भलताच,
कुठल्याशा विमा कंपनीचा, वर्षअखेरचे हिशेब उरकणारा.
तो राबतोय, आणि मजेत आहे.

‘आमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय’
हे तिच्या ओठांवर आलेलं असतं.

ठीक.
वडीलही हेच म्हणायचे, शेवटच्या हिवाळ्यात, फोनवर,
इकडची माणसं म्हणतात तसं
श्वास आत ओढून.

ती नकाशाला प्रश्न बदलून विचारते.
किती काम करतोस, ते राहू दे.
किती वेळ उभा आहेस, ते सांग.

रंग पालटतात.
विमावाला फिका पडतो,
आणि तो शहाणा चौकोन
कडेपासून आतपर्यंत पेटतो.
रांगेत होता तो,
प्रोसेसर मोकळा व्हायची वाट बघत.
हात रिकामे दिसले, म्हणून
नकाशाला वाटलं, विसावलाय.

ती त्याला चालत्या कामासकट उचलते,
पलीकडच्या पेटीत ठेवते.
त्याला पत्ताही लागत नाही आपलं घर बदलल्याचा.

‘आलं,’ नर्स म्हणते, ‘बरगड्या दिसतायत.’
आणि फोन ठेवते, आभाराबिभाराशिवाय.

सहाला यालमारी बदलीवर येतो,
दारात बुटांचा बर्फ झाडतो.
एरवी ती मान हलवून निघते.
आज विचारते, ‘कसा आहेस?’

‘ठीक,’
तो म्हणतो, श्वास आत ओढून.

कोटाचं बटण लावता लावता
ती थांबते.