डावी जोड

आधी बॅकअप घे, हेल्वे म्हणाली.
बॅकअप म्हणजे काय ते तिला नीट ठाऊक नाही,
पण घर सोडताना काहीतरी दुसरीकडे पुरून ठेवायचं असतं
एवढं आईकडून कळलेलं.

कार्दलाचं संग्रहालय, जुन्या लोकर गिरणीची कचेरी,
डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवा.
मी झिप फाईल उतरवत बसलो. चार एमबी.
हिउमा बेटावरचं नेट
शेवटच्या फेरीबोटीसारखं: येईल म्हणतात.

आमच्या साइटला दाखवता येत होतं सगळं,
विचारता येत नव्हतं काही.
अकरा वर्षं हेल्वेनं एकेक कार्ड टंकलं:
चव्वेचाळीसच्या शरदात कोण कुठल्या होडीतून निघालं,
कुठल्या किनाऱ्यावरून, सोबत किती पोरं, एक शिवणयंत्र.
दुसऱ्या तक्त्यात पलीकडच्या याद्या:
स्वीडनच्या बंदरांत कोण उतरलं, कधी.
दोन्ही तक्ते एकाच डिस्कवर, शेजारी शेजारी,
अबोला धरून.

पॅकेज चढवलं. घोडं अडलं.
पीएचपी जुनी. ती बदलली तर कॅलेंडर पडलं.
कॅलेंडरच काढलं, तसंही त्यात
दोन हजार सतरानंतर काही घडलेलं नव्हतं.
फोल्डरला परवानगी नाही. दिली.
कॅशे पुसली. लाल पट्टी जाऊन हिरवी आली.
हेल्वेनं काळा पाव कापायला घेतला.

मग मी जोड लिहिली. डावी जोड:
डावीकडचे सगळे ठेव,
उजवीकडे कुणी सापडो, न सापडो.
नाही सापडलं तर जागा रिकामी सोड,
माणूस गाळू नकोस.
हेल्वे म्हणाली, हे यंत्राला सांगावं लागतं?

एकतीस ओळी आल्या.
एकतीस नावं, समोर काही नाही.
ती उभीच राहिली, सुरीवर लोणी तसंच.
मी उगाच पानावरच्या ओळी बदलत राहिलो,
पानाला दहा, पानाला पन्नास.

मग तिनं चष्मा कपाळावर चढवला.
"हा लेंबित. पलीकडच्या कारकुनानं लेम्बेट लिहिला असणार.
त्या वाऱ्यात त्याला तरी काय ऐकू आलं असेल."
शोधलं. होता.
गोतलांड, सव्वीस सप्टेंबर, पायात एकच बूट.
बुडाला नव्हता.
शुद्धलेखन चुकलं होतं.

साडेनऊपर्यंत आम्ही माणसं वर काढत होतो,
कुणाच्या अक्षरावरची दोन टिंबं गळालेली,
कुणी जन्मसालात सात वर्षांनी तरुण झालेली.
साल्मेचं बाळ सापडलं भलत्याच आडनावाखाली.
एकतिसाचे बावीस झाले, मग चौदा,
मग नऊ.

नऊवर थांबलं.
मी पुन्हा कॅशे पुसून पाहिली.
पाव कडक झालेला, दोघांनीही चावत बसून खाल्ला.

'क्वेरीला नाव द्या' असा चौकोन आला.
मी लिहीत होतो, न_पोचलेले.
हेल्वेनं कीबोर्ड ओढला, एका बोटानं
माझं पुसलं आणि टंकलं:
अजून_बघतोय.

पहिल्या पानावर लावू?
नको, म्हणाली. पण रात्री आपोआप चालू दे,
रोज.

आता रोज सकाळी मेल येते.
निकाल: नऊ.
आणि खाली बारीक अक्षरांत,
विस्ताराची नवी आवृत्ती उपलब्ध आहे.