दर्शनी भागी

गुरुवारी भोसरीत लाइट नसते,
म्हणून गुरुवारी आमच्याकडे गर्दी.
नारायण पेठ, जिन्याखालचं दुकान:
लग्नपत्रिका, बिलबुकं, रबरी शिक्के
आणि कायद्याचे गोषवारे, सनबोर्डवर, दीडशे रुपये,
लॅमिनेशन वेगळं.

अकरा वर्षं मी हे टाइप करते.
'सदर', 'उपरोक्त', 'विहित नमुन्यात'
हे आता बोटंच करतात, न बघता,
भाकरी थापताना आई
टीव्हीकडे बघायची तशी.

'यंत्राच्या धोकादायक भागास भक्कम कुंपण असावे.'
पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा हसू आलं होतं.
कुंपण म्हटलं की मला आळेफाट्याकडची
निवडुंगाची ओळ दिसते,
आतल्या मेथीवर टपलेली शेळी दिसते.
प्रेस मशीन मी पाहिलंच नव्हतं.

आज हुसेन तांबोळी आले. (नाव पावतीमुळे कळलं.)
सोमवारी साहेब तपासणीला येणार,
शेठनी पाठवलंय, तीन बोर्ड द्या.
"अक्षर मोठं होईल का, ताई? लांबून दिसेल असं?"
म्हटलं, चौदाचा टाइप आहे, सगळ्यांना तोच.
ते वाकले आणि स्क्रीनवर
ओळीखाली करंगळी फिरवत वाचू लागले.
करंगळीनं का, ते मला
तिसऱ्या ओळीपाशी कळलं.

'कुंपण'वर करंगळी थांबली.
"हे होतं आमच्याकडे. जाळी.
काढून ठेवली होती.
जाळी लावली की तासाला चारशेचे तीनशे नग होतात."
दार करकरायचं म्हणून काढलं,
असं सांगावं तसं सांगितलं.
मग तोंडानं प्रेसचा आवाज काढून दाखवला.
एकदाच.

वेतनाचा रकाना आम्ही कोरा ठेवतो.
दर सहा महिन्यांनी भत्ता बदलतो,
मार्करनं भरून घ्या, मालक गिऱ्हाइकाला सांगतात.
अकरा वर्षं त्या कोऱ्या चौकोनाच्या
चारही रेघा मी सरळ ठेवल्या.
परिपत्रक आलं की आकडा
अख्ख्या पेठेत आधी मला कळतो.
सात तारखेला व्हाउचरवरही तोच असतो.
मी सही करते.
पाकिटातला आकडा दुसरा.
'जादा कामास दुप्पट दराने'
ही ओळ मी लग्नसराईत
रात्री साडेनऊला टाइप केलेली आहे,
घरी कुकर लावायचा राहिलेला.

तिसऱ्या बोर्डात बुडबुडा राहिला, नेमका
'कामगारांना समजेल अशा भाषेत' या शब्दांवर.
मी फडकं शोधेपर्यंत तांबोळींनी
तळवा टेकवला, आणि हवेला
कडेकडेनं वाट दाखवत नेलं बाहेर.
पत्र्याची सवय असलेला हात. जिथे दोन बोटं नाहीत
तिथे तो जास्तच सपाट बसत होता.

"लावणार कुठे?" मी विचारलं.
"दर्शनी भागी," त्यांनी बोर्डावरचंच वाचलं
आणि हसले,
"म्हणजे कूलरच्या मागे."

चौथा बोर्ड चुकून निघाला.
वहीत मी तसंच लिहिलंय, 'चुकून'.
आमच्या दुकानात एकही नाही,
बोर्ड विकणाऱ्याला बोर्ड कोण विचारतं!
काउंटरच्या वर एक खिळा आहे,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा.
मालक चहाला गेलेत, कोपऱ्यापर्यंतच.
तांबोळी समोर रस्ता ओलांडायला थांबलेत,
तीन बोर्ड काखेत,
त्यांना कुणी रिक्षावाला वाट देत नाही.

मार्करचं टोपण दातांत धरून
मी स्टुलावर चढले.
आकडा पाठच आहे.
पहिला अंक काढला, जरा मोठा झाला,
लांबून दिसेल असा.
आता बाकीचेही
त्याच मापाचे काढावे लागणार.