दुसरी गोळी

सेकंड शिफ्ट सुटून भोसरीहून धनकवडीला पोचेपर्यंत
एक वाजतो.
वैजयंता दारातच म्हणाली, बूट नंतर काढ,
आधी मोबाईलची बॅटरी लाव.

कस्तुरी पालथी झोपलेली.
आठवडाभर हेच, खाजवत उठायची, रडायची,
आणि सकाळी बालवाडीत डुलक्या.
आईने सांगोल्याहून फोनवरच निदान केलेलं:
दात खाते ना झोपेत? गूळ बंद करा.

चड्डी हलकेच खाली केली.
गोधडीच्या टाक्यातून सुटलेल्या दोऱ्याएवढं काहीतरी,
पांढरं.
मग दोरा हलला.

मी आठ तास मशीनवर
मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजतो.
हे घरात कधी शिरलं, मला कळलं नाही.

सकाळी, धुवायच्या आधी,
वैजयंताने तिथे सेलोटेप लावून काढली,
काचेवर चिकटवली
आणि डबीत घालून नेली, चोरीचं सोनं न्यावं तशी.

मोहोळ डॉक्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, गुळाचा काही दोष नाही.
मादी रात्री बाहेर येते, अंडी घालते.
खाजवलं की नखात, नखातून तोंडात,
की पुन्हा पहिल्यापासून.
गोळी आज. दुसरी पंधरा दिवसांनी.
घरातल्या सगळ्यांनी.

मीसुद्धा?

तुम्ही घरातले नाही का?

त्या दिवशी वैजयंता चादर झटकायला गॅलरीत गेली
आणि हात वर असतानाच थांबली.
तशीच गुंडाळून कढत पाण्यात घातली.

बालवाडीच्या शिर्केबाईंना सांगताना
माझी जीभ टाळूला चिकटली.
त्या म्हणाल्या, बरं झालं बोललात,
आणि आवाज उतरवून,
चौघींच्या आया येऊन गेल्यात.
प्रत्येकीला वाटतं, आपल्याच घरी.

चौथ्या रात्रीपासून पोर गाढ झोपायला लागली.
दिनदर्शिकेवर पुढच्या गोळीभोवती लाल गोल.
मी म्हटलं, आता कशाला?
वैजयंताने पाण्याचा पेला पुढे केला.
जंत मेले. अंडी गोळीला दाद देत नाहीत.
घे.

रविवारी सगळ्यांची नखं.
कस्तुरीची झाली, वैजयंताची झाली,
मग कस्तुरीने माझं बोट धरलं,
ग्रीस बसलेलं, साबणाला न जुमानणारं.
बाबा, तुझ्या नखात रात्र आहे.

कापली.
दोन्ही हात तिच्यापुढे धरले.
तिने बोटं मोजली,
नऊ म्हणाली.
पुन्हा मोज, म्हटलं.