विषयाचा रकाना

साकोली डेपोत, पासच्या खिडकीपाशी,
फॉर्मवर रकाना एकच: विषय.
नागोसेबाबूंनी पेन उचलून धरलेलं.
"बायो का आर्ट, सांग ना पोरी, मागं लाइन हाय."
मी म्हटलं, दोन्ही. थोडं गणित.
आणि पाण्याचा कायदा, पुढच्या सत्रात.
"म्हंजे कोनताच नाही," म्हणत त्यांनी लिहिलं: इतर.

तर मी इतर.
सोमवारी सकाळी माशांचे खवले मोजते,
दुपारी भाषेच्या तासाला शिकते की
आमच्याकडं ळ चा र होतो,
तळं म्हणजे तरा, डोळा म्हणजे डोरा,
आणि याला चूक नाही, नियम म्हणतात.
चौथीत याच नियमापायी
सात पट्ट्या खाल्ल्या होत्या मी.
नियम वहीत उतरून घेतला.
डावा तळहात बाकाखाली होता.

प्रकल्पाला गावचाच तलाव घेतला.
पारीवर सुबाबाई मारबते जाळं झटकत होती.
मासे कोणकोणते, विचारलं, तर तिनं
बोटं नाही मोजली, जागा मोजल्या.
"तुडुमाजवर दाडक. गारात शिंगूर.
देवधानाच्या बुडी बोटरी.
सलंगावरून उलटी चढते ते कटवा..."
अशी एकोणीस नावं झाली.
महिनाभरात जाळ्यात आले सोळा.
बाकीचे तीन?
"नावं हायेत ना," ती म्हणाली,
"मासे गेले. बेसरम माजली तवापासून."

जीवशास्त्राचे सर म्हणाले, नमुना नाही, ओळी काढ.
भाषेच्या मॅडम म्हणाल्या, शब्द आहेत, ओळी ठेव.
दोघांच्या मध्ये एक जिना.
तीन नावं घेऊन आठवडाभर
मी तो चढले आणि उतरले.
मग संख्याशास्त्राच्या तासाला
कुणीतरी पेंगत विचारलं,
सर, शून्य आणि रिकामी जागा, फरक काय?
सर फळा पुसता पुसताच म्हणाले,
शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन बघितलं.

तिन्ही ओळी ठेवल्या. नावापुढं शून्य.

नव्या सत्राला जुना पास खिडकीतून आत सरकवला.
नागोसेबाबूंनी तो उलटा केला. मागं माझी यादी,
बसमध्ये लिहिलेली, वाकडीतिकडी.
वाचत गेले. ओठ हलत होते.
लाइन कुरकुरत होती.
"कानोशी," म्हणाले. "अन् हे? हे शून्यवालं?
आमच्या अर्जुनीकडं याले दुसरंच म्हनत."
काय म्हणत?
त्यांनी पंख्याकडं पाहिलं, कॅलेंडरकडं पाहिलं,
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
"आत्ता जिभेवर होतं बापा."

मागचा पोरगा म्हणाला, चला ना ताई.
मी बाजूला सरले,
वही खिडकीच्या कठड्यावर उघडी ठेवून.
पालांदूरची गाडी लागली, भरली, निघून गेली.
पुढची साडेचारला.