अंगण वाकडे

सुवा सरोवराच्या काठी ओकाया नावाचं गाव.
इथे पूर्वी कढत पाण्यात बोटं बुडवून
पोरी रेशीम उकलत.
आता युद्ध हरून सात वर्षं झालीत,
आणि त्याच लांबोळक्या शेडमध्ये
घड्याळांचे आस कातले जातात,
तांदळाच्या कणीहून बारीक.

तीन नंबरच्या लेथवर हानाओका मासाए, वय सतरा.
भिंतीवर पाटी : लक्ष द्या. चूक करू नका.
मुकादम उशियामांच्या खिशात दंडाची वही.
महिनाअखेरीला वहीत तिचंच नाव सगळ्यात जास्त वेळा,
आणि शेडच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येईल
अशा आवाजात वाचलेलं.

आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे :
नाचता येईना, अंगण वाकडे.
मीही ती वापरली आहे, हाताखालच्या माणसांवर,
बत्तीस वर्षांच्या नोकरीत
किती वेळा, याची नोंद ठेवलेली नाही.

जानेवारीत तोक्योहून कुरामोची आले.
टेलिफोनच्या कारखान्यातले इंजिनिअर, एका कानाने बहिरे,
पिशवीत चक्रमुद्रित टिपणांची चोपडी, कोपरे दुमडलेले.
त्यांनी मासाएला काही विचारलं नाही.
चौकटीच्या कागदावर एक रेघ मारली,
वर एक तुटक, खाली एक तुटक,
आणि म्हणाले, दर तासाला पाच आस मोज,
सरासरीचा ठिपका दे.
दोन तुटक रेघांच्या आत ठिपके नाचणारच.
ते नाचणं तुझं नव्हे,
लेथचं, पोलादाचं, तेलाचं, सगळ्यांचं मिळून.
त्यासाठी कुणाला बोलायचं नाही.
रेघ ओलांडून जो बाहेर पडेल
त्याच्यामागे जायचं. माणसामागे नाही, ठिपक्यामागे.

उशियामा हसले. म्हणाले, ठिपक्याचा पगार कापू का?

नऊ दिवस ठिपके शहाण्यासारखे वागले.
मात्र दुपारी तीनच्या सुमाराला एखादा
खाली उडी मारायचा, आस बारीक उतरायचा.
रोज नाही. मंगळवारी हो, बुधवारी नाही,
गुरुवारी, शुक्रवारी हो.
कुरामोचींनी पट्टा तपासला, हत्यार बदललं,
चोपडी उलटसुलट चाळली.
संध्याकाळी कागद उतरवताना
त्यांना समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसली :
तळ्यावरून ऊन डोळ्यांवर येतं. हात आडवा धरते.

हे तू कधीपासून लिहितेस?
पहिल्या दिवसापासून.
सांगितलं का नाहीस?
मासाए जमिनीकडे बघत म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं.

तळं गोठलेलं. निरभ्र दिवशी
कलता सूर्य बर्फावर आपटून
पश्चिमेच्या खिडकीतून आत यायचा,
नेमका तीन नंबरच्या लेथवर, पाऊण तास.
लोखंड तापायचं, फुगायचं,
एखाद्या शतांश मिलिमीटरनं.
तेवढ्या उन्हाचा दंड
एक पोरगी भरत होती.

म्हणजे अंगण वाकडंच होतं.
आणि ते मोजायला तीन रेघा पुरल्या,
शिवाय समासातली एक ओळ.

खिडकीला पडदा लागला,
कोशांच्या जुन्या गोणीचा, रेशमाचा वास अजून धरून असलेला.
ठिपके रेघांच्या आत परतले.
पाटी कुरामोचींनी स्वतः स्टुलावर चढून काढली.
पाटी वाचून लेथ सुधारतो का, एवढंच म्हणाले,
बहिरा कान उशियामांकडे करून.

कापलेला पगार परत मिळाला नाही.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.
एका सकाळी मात्र लेथच्या कडेला
कागदात गुंडाळलेली वाळवलेली काकी फळं होती,
उशियामांच्या घराच्या वळचणीला टांगलेली असतात तशी,
वर साखरेची पांढरी बुरशी धरलेली.

मासाएनं ती मोजली.
सवयच लागली होती आता.
सात.
दंडाचे दिवस अकरा.