पिसा, मुक्काम सोहार

नगरपालिकेच्या रोपवाटिकेत, हिरव्या जाळीखाली,
लखू ढेबेनं तुपाच्या रिकाम्या डब्यात
पिसा लावलाय.
बिया आणल्या होत्या मोज्यात, जावळीच्या रानातून.
सोळांतली एकच रुजली.

यादीत त्याचं नाव नाही.
यादीत गाफ, सिद्र, बोगनवेल,
दुभाजकांना पुरेल एवढी पेटुनिया.
मुकादम शाजी विचारतो, हे काय?
दालचिनीचा चुलतभाऊ, लखू म्हणतो,
आणि ते खरंच आहे.

नवी पानं झुबक्यानं येतात, लुळी, रेशमी,
जगायचं की नाही अजून न ठरवलेली.
पानाची पाठ पांढुरकी.
घाटावर धुकं तिथं टेकायचं.
इथं पोटावर धूळ बसते,
ती तो जुन्या बनियननं पुसतो.

जूनमध्ये पारा अट्ठेचाळीसवर गेला
तेव्हा डबा खोलीत आला.
सहा खाटा, सातवं झाड.
रात्री दापोलीचा मुजावर कूस बदलत पुटपुटतो,
पिसा झालाय, पुरता पिसा.
अंधारातून लखू विचारतो,
कोण? तो की मी?

उत्तर येत नाही.
एसीची नळी त्यानं वळवून घेतलीय,
थेंब डब्यात पडतोय.