सुमारे एक तृतीयांश वेढा

धडगावच्या पलीकडून, नर्मदेच्या काठावरून,
एवढंच वर्तमानपत्राच्या कागदावर लिहिलंय.
कोणी आणला, कुठल्या थरातून, तिथे कागद फाटलाय.
म्हणजे आधी कागद अपुरा, मग दगड.

नंदुरबारला डिसेंबरात प्रयोगशाळेची खिडकी उघडायची सोय नाही.
पथारींवरून मिरचीचा खकाणा येतो,
शिंकले की कॅलिपरचा आकडा हलतो.
तिसऱ्यांदा मोजते: वेढ्याची उंची अठ्ठेचाळीस मिलिमीटर, जाडी सतरा.
शिंपला नाही हा. शिंपल्यात शिरलेला चिखल,
आतल्या भिंती पाठ करून दगड झालेला.

बाहेरची कड अरुंद, करवतीच्या पाठीसारखी सपाट.
बरगड्या पुसट. गाठी दोन.
तिसरी असावी असं वाटतं.
वाटतं ते लिहायचं नाही.
शिवणीची रेषा ओलं बोट फिरवल्यावर उमटते:
नॉटिलसची असती तर एक आळशी वळण घेऊन गेली असती,
ही कोथिंबिरीच्या पानासारखी कातरत जाते.
अमोनाइट. एवढं शपथेवर.

नाभीकडचं काही नाही.
राहती खोलीही गेली, शेवटची, सगळ्यांत मोठी,
जिच्यात तो स्वतः होता.
हाती आल्यात त्यानं मागे टाकलेल्या खोल्या,
एकेक भिंत घालून बंद केलेल्या.

वळणाची वाढ ठरलेली असते,
तुकड्यावरून अख्खा काढता येतो.
टिंबाटिंबांनी काढते. बशीएवढा भरतो.
टिंबं जोडून टाकावीत असं फार वाटतं.
खोडरबर जवळ ठेवते.

सुपडूअण्णा चहा आणतात. "हाई काय शे?"
सांगते.
"बाकीनं कोठे गयं?"
फॉर्ममध्ये हा रकाना नाही.

मग ते स्टुलावर बसतात. त्यांची माय पथारीवर मिरची निवडायची,
तुकड्यांच्या ढिगातून लाली वेगळी, फापडा वेगळा,
देठाच्या टोपीवरून.
रंगावर जायची नाही, रंग उन्हाचा असतो म्हणायची.
आणि देठच नसला तर?
"मंग तिसरं पोतं," अण्णा म्हणतात.
"त्याले बी भाव राहे. कमी राहे."

लेबल घेते. पेन्सिलीनं, शाईनं नाही.
प्रजाती: प्लासेंटिसेरास, पुढे प्रश्नचिन्ह.
चिन्ह खोडते. पुन्हा घालते, जरा लहान.
जाती: अनिश्चित.
थर: माहीत नाही.

अण्णा मान वाकडी करून वाचतात.
"जात अनिश्चित," मोठ्यानं, दोनदा.
आणि हसू लागतात, खकाण्यानं ठसका लागेपर्यंत.
"हाई बेस शे, मॅडम. हाई माले बी लिखी द्या."

कप उचलून नेतात.
टिंबांवर चहाचा ओला गोल उठलाय,
एका बाजूनं सुटलेला.
दुसरा कागद घेते.